उपराज्यपालांविषयी एक भाषण

नोकरीची बरीच वर्षं मी उपराज्यपालांच्या कार्यालयात काढली. गोवा, दमण आणि दीव तेव्हा केंद्रशासित होते. पणजीपासून थोडं दूर, काबोच्या टोकावर राजनिवास होता. तीन बाजूंना समुद्र, आणि लांब व्हरांड्याच्या शेवटी आम्हा लघुलेखिकांची खोली. साहेब बोलायचे, मी उतरवून घ्यायची आणि टाइप करायची. साहेब बदलत गेले, मी तिथेच राहिले. निवृत्त झाले, वर्षभरात हे गेले, आणि मुलगा म्हणाला, "आई, आता एकटी काय करणार तिथे? ये इकडे."

इकडे म्हणजे ऑकलंडच्या पश्चिमेला, न्यू लिनला. मुलगा शहरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. सूनबाई हॉस्पिटलात फार्मासिस्ट. नात तीन वर्षांची. २००४ साली मी आले तेव्हा गोव्यातला फ्लॅट विकून आले होते, त्यामुळे परत जायचं तर जायचं कुठे, हा प्रश्न नंतर कितीदा मनात आला आणि तिथेच थांबला.

घर चढावर होतं. बस खाली मोठ्या रस्त्याला. गाडी मला येत नव्हती. सकाळी तिघं निघून गेली की मी काचेच्या सरकत्या दारापाशी उभी राहून समोरच्या घरांची छपरं बघायची. रस्त्यावर माणूस दिसत नसे. दुपारी सूनबाई नातीला किंडीतून, म्हणजे बालवाडीतून, आणायची आणि शिफ्ट असेल तर लगेच परत जायची. मी नातीला मराठीत विचारायची, "भूक लागली का गं?" ती म्हणायची, "नो आजी, आय हॅड हीप्स," म्हणजे भरपूर खाल्लं. तिला सगळं कळायचं. मलाही कळायचं. पण बोलणं झाल्यासारखं वाटायचं नाही.

आणि घरात चोरांसाठी अलार्म होता. सुरुवातीच्याच दिवसांत माझ्या हातून चुकीचं बटण दाबलं गेलं, भोंगा वाजला, कंपनीचा माणूस गाडी घेऊन आला, सूनबाईला काम सोडून यावं लागलं. ती चिडली नाही. फक्त म्हणाली, "आई, तुम्ही त्याला हातच लावू नका. आम्ही बघतो." मग कोड बदलला गेला आणि नवा मला कुणी सांगितला नाही. मीही विचारला नाही. घराची किल्लीही माझ्याकडे नव्हती. मी एकटी कुठे जाणार होते?

रविवारी मात्र आम्ही अवोन्डेलच्या बाजारात जायचो. रेसकोर्सच्या आवारात भाज्यांचे, माशांचे, जुन्या सामानाचे ठेले लागायचे. मेथी मिळायची, कधी आळूची पानं. मुलगा आणि सून भाजी घेत असताना मी जुन्या पुस्तकांच्या एका टेबलाशी थांबले. टेबलामागे पांढऱ्या केसांची, उंच, उन्हाने रापलेली बाई बसली होती. तिच्यासमोर या देशाचा एक जुना नकाशा होता. त्यात देशाचे दोन भाग पाडून त्यांना न्यू अल्स्टर आणि न्यू मन्स्टर अशी नावं दिली होती.

मी विचारलं, "हे काय?"

ती म्हणाली, "थोडी वर्षं होतं तसं. वर एक गव्हर्नर आणि खाली दोन लेफ्टनंट गव्हर्नर. आता इथल्या लोकांनाही आठवत नाही."

"मी एका लेफ्टनंट गव्हर्नरच्या ऑफिसात काम करायची," मी म्हणाले. "एका म्हणजे, पाचसहा जणांच्या."

तिने चष्मा काढला. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई ती. मला बसायला खुर्ची दिली आणि विचारत राहिली. त्यांना कोण नेमतं, दिल्ली की लोक? मुख्यमंत्र्यांशी पटलं नाही तर काय होतं? ते राहतात कुठे? या देशात येऊन दीड वर्ष होत आलं होतं, आणि मला माझ्या कामाबद्दल पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं. मुलगा पिशव्या घेऊन आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "तुमच्या आईंना आमच्याकडे बोलायला पाठवा. बुधवारी सकाळी लायब्ररीत आम्ही काही म्हातारी माणसं जमतो, स्थानिक इतिहासासाठी."

मुलगा हसून म्हणाला, "बघू."

गाडीत मी विचारलं, "सोडशील ना मला?"

"आई, ऑफिस असतं गं. बघू म्हटलं ना."

मी त्याला तीन आठवडे आठवण करून देत राहिले. शेवटी एका बुधवारी ऑफिसला जाताना मला लायब्ररीत सोडायचं त्याने कबूल केलं. मी भाषण मनात जुळवत होते. सूनबाईकडून लायब्ररीतलं पुस्तक मागवून इथलाही इतिहास वाचून काढला. मला आश्चर्य वाटलं. राणीच्या वतीने या देशाचा कारभार हातात घ्यायला आरमारातला जो कप्तान प्रथम आला, तोही लेफ्टनंट गव्हर्नरच होता. सिडनीला बसलेल्या गव्हर्नरच्या हाताखालचा. वर्षभराने वसाहत वेगळी झाली आणि मग तो गव्हर्नर झाला. पुढे देशाचे ते दोन भाग पाडले, तेव्हा दक्षिणेकडच्या भागाचा लेफ्टनंट गव्हर्नर वेलिंग्टनला राहायचा. पण वरचे गव्हर्नर स्वतःच तिकडे मुक्कामाला गेले की याच्या हातात फारसं काही उरत नसे. घर होतं, हुद्दा होता, आणि दिवस काढायचे होते. ती पानं मी दोनदा वाचली.

त्या बुधवारी सकाळी मी न्हाणीघरात असताना मुलाने दाराबाहेरून हाक मारली. "आई, मीटिंग अलीकडे आली आहे, मी निघतोय. लायब्ररीचं पुढच्या वेळी बघू." मी नळ बंद करेपर्यंत तो गेलाही होता. मी तशीच खोलीत आले. निऱ्या घालता घालता हात थांबले. तेवढ्यात बाहेर टी टी टी असा आवाज झाला, पुढचं दार लागलं आणि सूनबाईची गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. नातीच्या गडबडीत मुलाचं बोलणं तिने ऐकलं नव्हतं; आधी ठरल्याप्रमाणे मी त्याच्याबरोबर गेले असं धरून तिने अलार्म लावला होता.

मी खोलीचं दार किलकिलं करून पाहिलं. पॅसेजच्या कोपऱ्यात वर, हालचाल टिपणाऱ्या यंत्राचा तो लाल ठिपका. माझ्या खोलीत आणि पलीकडच्या न्हाणीघरात तो नव्हता, पण पॅसेजमध्ये पाऊल टाकलं की भोंगा होणार. फोन स्वयंपाकघरात. खिडकी वीतभर उघडायची, पुढे अडकण होती. मी पलंगाच्या कडेवर बसले. सूनबाई दुपारी येणार होती. तोपर्यंत काय, वाचत बसता आलं असतं, झोपता आलं असतं. काहीच बिघडणार नव्हतं. तेच मला सहन होईना. मी नसल्याने कुणाचंच काही अडणार नव्हतं, आणि मी असल्याचं कुणाच्या ध्यानातही नव्हतं. मला राग कुणाचा आला होता ते सांगता येत नाही. दोघं बिचारी धावत असायची. 

बराच वेळ तशी बसले. मग उठले, निऱ्या पुऱ्या केल्या, पदराला पिन लावली, स्वेटर चढवला. चपला हातात घेतल्या, का ते माहीत नाही, जणू आवाज होऊ नये म्हणून. आणि पॅसेजमध्ये गेले.

आधी बारीक टीटी झालं आणि मग भोंगा. इतका मोठा की कानात दडे बसले. मी धावले नाही. पुढचं दार उघडलं, बाहेर आले, दार मागे आपोआप लागलं. आता मी घरात परत जाऊ शकत नव्हते हे तेव्हा लक्षात आलं. पायरीवर बसून चपला घातल्या. शेजारचे सामोअन गृहस्थ कुंपणापाशी आले. माणूस भला होता. ओरडून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," मीही ओरडले. "घर माझंच आहे. मी बाहेर चालले आहे."

"कुठे?"

"लायब्ररीत. भाषण आहे."

त्यांनी मान हलवली आणि फोन करायला आत गेले. मी उतार उतरायला लागले. भोंगा खालच्या वळणापर्यंत ऐकू येत होता. वाटेत दोनदा वाटलं, परत फिरावं. पण परत फिरून पायरीवरच बसावं लागलं असतं.

लायब्ररीतल्या खोलीत दहाबारा माणसं होती. चहा झाला होता. शिक्षिकाबाई म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही येत नाही." मी उभी राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांची भाषणं टाइप केलेली. स्वतः बोलायला उभं राहण्याची ही पहिलीच वेळ. पण सुरुवात केली.

मी सांगितलं, लेफ्टनंट म्हणजे दुसऱ्याची जागा धरून बसलेला. आमच्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं थोडंसं. लोक हसले. मग गोव्याचं सांगितलं. पोर्तुगीज गेल्यावर आधी लष्करी गव्हर्नर आले, मग उपराज्यपाल. निवडणुका झाल्या, मुख्यमंत्री आले, तरी उपराज्यपाल दिल्लीच्या वतीने होतेच. मंत्र्यांशी मतभेद झाला तर ते प्रकरण राष्ट्रपतींकडे पाठवू शकत, आणि मग सगळे दिल्लीच्या उत्तराची वाट बघत बसत, तेसुद्धा. आमचे एक साहेब संध्याकाळी व्हरांड्यात उभे राहून मजकूर सांगत. एकदा मध्येच थांबून म्हणाले, "बाई, या घरातून समुद्र फार सुंदर दिसतो. पण बघायला दुसरं काही नाही." मी ते वाक्य लिहून घेतलं आणि मग त्यांच्याकडे पाहून खोडलं.

सत्त्याऐंशीत गोवा राज्य झालं. राजनिवासाचं राजभवन झालं. तेव्हा असलेल्या उपराज्यपालांनीच, त्याच खुर्चीत बसून, राज्यपाल म्हणून काम सुरू केलं. मी मात्र कितीतरी दिवस पत्राच्या शेवटी आधीचाच हुद्दा टाइप करायची. बोटं आपोआप तिकडे वळायची.

भाषण संपल्यावर मागे बसलेले एक वयस्कर माओरी गृहस्थ, इथल्या मूळ लोकांपैकी, उठले. "किया ओरा," असा त्यांच्या भाषेत नमस्कार केला. आवाज सौम्य होता. "आमच्या पूर्वजांनी राणीशी केलेल्या करारावर सहीच्या जागी खुणा केल्या, त्या पहिल्या लेफ्टनंट गव्हर्नरपुढेच. तो स्वतः हाताखालचा माणूस. तुम्ही अशा ऑफिसात होतात म्हणून विचारतो. असा माणूस शब्द देतो तेव्हा तो शब्द कुणाचा धरायचा?"

 माझं इंग्रजी अशा प्रश्नाला पुरेसं नव्हतं. मी म्हणाले, "माणूस बदलतो. आमच्याकडे कितीतरी बदलले. पण सही हुद्द्याची असते. शब्द त्या जागेने दिलेला असतो, आणि जागा अजून आहे. म्हणजे शब्दही असायला हवा."

 "असायला हवा," ते म्हणाले आणि खाली बसले. मला बरोबर उत्तर देता आलं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हा मला दारापाशी मुलगा दिसला. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, चेहरा पांढरा पडलेला. शेजाऱ्यांनी त्याला फोन केला होता. तो किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. सगळी पांगेपर्यंत थांबला, बिस्किटाची बशीही आत ठेवायला मदत केली.

गाडीत बसल्यावर म्हणाला, "आई, मला आधी वाटलं, कुणीतरी घरात घुसलं."

"मी बाहेर पडले."

"थांबायचं ना. फोन करायचा."

"फोन पॅसेजच्या पलीकडे आहे रे."

त्याने गाडी सुरू केली नाही.  मग म्हणाला, "ते समुद्राचं तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

हे मी रागाने म्हटलं नव्हतं. त्याला लागलं असावं. संध्याकाळी त्याने मला कोड सांगितला, सूनबाईने किल्ली करून आणली. तिचे डोळे भरून आले होते. "आई, मला खरंच वाटलं, तुम्ही गाडीतून गेलात," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिला जवळ घेतलं. तिचा दोष नव्हता.

यानंतर सगळं बदललं असं म्हणणं खरं नाही. मी काही बुधवारी गेले. मग सूनबाईला दुसऱ्यांदा दिवस राहिले, नातू झाला, आणि बुधवार त्याचे झाले. कितीदा साडी नेसून तयार व्हायची आणि ऐनवेळी कुणाची तरी शिफ्ट बदलायची. मग साडी बदलून कुकर लावायची. शिक्षिकाबाई पुढे तिच्या मुलीजवळ राहायला पापाकुराला गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला. फोनवर म्हणायची, "ये ना, ट्रेनने सरळ तर आहे."

सरळ नव्हतं, मध्ये गाडी बदलावी लागायची. पण नातू किंडीत जायला लागल्यावर एका दिवशी मी गेले. तिच्या मुलीच्या अंगणात आम्ही चहा घेतला. ती खूप थकली होती. ती आता माझ्यासारखीच वेळ काढत होती. तिने जुने नकाशे कुणाला दिले ते सांगितलं, मी नातवाचे फोटो दाखवले.

परत स्टेशनवर आले तेव्हा गाडी लागलेली होती. दारं उघडी. चढले असते तर नातवाला किंडीतून आणायच्या वेळेआधी निवांत पोचले असते. मी बाकावर बसून राहिले. दारं लागली, गाडी गेली. फलाटावर ऊन होतं, पलीकडे दोन मुली चिप्स खात होत्या. मी काही विचार करत नव्हते, नुसती बसले होते. पुढची गाडी आली तेव्हा मात्र उठले, कारण त्यानंतरची घेतली असती तर नातू किंडीच्या फाटकात एकटा उभा राहिला असता.