एका नारळात दोन देव

आखातातल्या शर्कच्या मासळीबाजारातला तो मासेवाला मूळचा रत्नागिरीचा मुसलमान. कुठं घुमट दिसला की आधी चपला काढणार, मग ते कुणाचं गोदाम का असेना! गावी बायकोचे दिवस भरत आले, तेव्हा ख्वाजा खिज्र या दर्याच्या पिराला नारळ वाहायला तो मला लाँचनं फैलाका बेटावर घेऊन गेला. उतरल्यावर पहिल्याच पडक्या दगडांपुढं त्यानं नारळ फोडला.

“अरे येड्या, हे सिकंदराच्या वेळचं ग्रीकांचं देऊळ! दर्गा त्या टेकडीवर.”

नारळ एकच आणलेला. त्याचं तोंड उतरलं, मग खदखदून हसला. “असूं दे, दादा. इतकी वर्षं शेजारी र्‍हातायत, एका नारळात भागवतील दोघं.”

एक वाटी तिथं ठेवून, दुसरी घेऊन तो टेकडी चढला.

मी कुणापुढं वाकणारा माणूस नव्हे. त्या दिवशी त्याच्या बायकोसाठी दोन्हीकडं डोकं टेकलं.