तिसऱ्यांदा पुसलेले डोळे

चित्रकलेची पदविका घेऊन मी मालवणला परतलो तेव्हा मला चांगली शिंगं फुटली होती. दोन हजार एक साल असेल. काकांची गणपतीची शाळा होती, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना. आमच्याकडे घरोघरचे लाकडी पाट आधीच शाळेत येऊन पडतात, त्या पाटावरच मूर्ती घडते आणि चतुर्थीला पाटासकट घरी जाते. काकांनी त्या वर्षी डोळे आखायचं काम माझ्यावर सोपवलं. माणूस भोळा होता.

काका हातातली विडी विझायच्या आत दोन्ही डोळे काढून मोकळे व्हायचे. मला त्यांची कीव यायची. मी एक डोळा आखायचो, चार पावलं मागे जायचो, मान तिरकी करायचो, सुस्कारा सोडायचो आणि ओल्या फडक्याने सगळं पुसून टाकायचो. हे मागे जाणं मी कॉलेजात शिकलो होतो. पुढे येणं शिकवायचं बहुधा राहून गेलं. येणारे-जाणारे म्हणाले, "पोरगो किती जीव ओतता बघ!" की मी आणखी फुगायचो. जीव कसला ओततोय! काम संपलं की ते लोकांना दिसणार आणि लोक नावं ठेवणार, या विचारानेच माझी गाळण उडायची. त्या भित्रेपणाला मी दर्जा म्हणत होतो.

चतुर्थीच्या सकाळी एकच मूर्ती राहिली, खालच्या वाडीतल्या एका म्हातारीची. काका दुसरी मूर्ती पोचवायला गेले होते. म्हातारी मुलाला घेऊन सातलाच दारात हजर. तिच्याकडे भटजी साडेसातला यायचे होते, आणि त्या दिवशी एकेका भटजीला इतकी घरं असतात की कुणासाठी थांबायला त्याला सवड नसते. मी तोवर डोळे दोनदा पुसले होते.

"डोळे खंय आसत रे माज्या गणपतीचे?" तिने विचारलं.

"काकी, दहाच मिनिटं. उजवा जरा खाली आलाय," मी पुस्तकी मराठीत उत्तरलो.

ती पायरीवर बसली. मी पुन्हा डोळे काढले. बरे निघाले होते. तरी तिच्या डोळ्यांदेखत तिसऱ्यांदा पुसले.

साडेआठला काका आले. त्यांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला, दोन्ही डोळे आखले आणि मूर्ती मुलाच्या डोक्यावर दिली.

तिच्या घरून भटजी केव्हाच निघून गेले होते. ते परत आले दुपारी तीनला. तोवर पूजा नाही, नैवेद्य नाही, आणि नैवेद्याआधी त्या घरात कुणी घास घेत नाही.

नंतर आमची भजनाची मंडळी वाडीत घरोघर फिरली. त्या घराची पाळी आली तशी पोटात दुखतंय असं सांगून मी घरी सटकलो. पण पाचव्या दिवशी विसर्जनाला म्हातारीने मला किनाऱ्यावर गाठलंच.

"उजवो डोळो खाली आसा म्हणी होतस," ती म्हणाली. "पाच दिस माणसां येय होती, एकाक पण दिसूक नाय. माजी नातवंडां तीन वाजेपर्यंत उपाशी रवली, ती मात्र सगळ्यांका दिसली."

मुलाने मूर्ती उचलली आणि तो पाण्यात शिरला. मला इतकी लाज वाटली, की तो डोळा खरंच खाली होता का, हे बघायचंही राहून गेलं.