सीट नंबर एकचा गोल

सांगतो, पण आधी चहा घशाखाली उतरवा. नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

आमच्या पेणकरपाड्यातल्या बिल्डिंगमधून दरवर्षी गणपतीला गावी जायला एक बस ठरते. यंदा सीट वाटायचं काम माझ्या गळ्यात पडलं. का? तर ऑफिसात मी एक्सेल वापरतो! आता वाटणाऱ्याने पहिली खिडकी स्वतःलाच ठेवली, यात नवल काय? पण मला खरंच गाडी लागते हो. मागे बसलो की पनवेल यायच्या आत पिशवी हातात.

तर एक्सेलमध्ये बस काढली. चौकट म्हणजे सीट, आणि तिच्यावर माणसाच्या नावाचा रंगीत गोल. आधी शीटला पासवर्ड घालून कुलूप लावलं, मग गोल काढायला गेलो, तर बटणच फिकं पडलेलं! तासभर डोकं आपटल्यावर कळलं, की कुलूप लावतानाच 'आकृत्या हलवू-बदलू द्या' अशा अर्थाची एक टिक करावी लागते. केली. गोल निघाले. काम झाल्यावर ती टिक काढायची असते, हे मात्र साफ विसरलो.

ग्रुपवर लिंक टाकली आणि खाली ठणकावलं, "शीट लॉक आहे. कोणाचा बाप सीट हलवू शकणार नाही."

दुसऱ्या दिवशी सिल्व्हर पार्क नाक्यावरून रिक्षाने घरी येताना मोबाइलवर तीच शीट वर-खाली करत, स्वतःचं कौतुक करत आलो. घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि बघतो तर काय? एक नंबरवर तेवीस नंबर सीटच्या सावंतकाकू! माझा गोल त्यांच्या खाली गाडलेला.

तेव्हा ती टिक आठवली. म्हणजे कोणीही यावं आणि गोल ओढावा!

"अहो, काकूंना मोबाइलवर फोन उचलता येत नाही धड," बायको म्हणाली.

"घरात सून आहे ना शिकलेली!"

आणि ग्रुपवर फतवा काढला, "सीट नंबर एकवर अतिक्रमण झालं आहे. ज्याच्या बोटाने झालं, तो शेवटच्या बाकावर बसेल." लगेच दहा-बारा अंगठे आले. मला वाटलं, जनता माझ्या बाजूने आहे.

पाचच मिनिटांत सावंतकाकू दारात. मागे सून प्रणाली.

"राणे, मी चोर वाटले काय हो तुम्हाला? वीस वर्षं शेजारी राहतेय, कधी चिमूटभर साखर तरी न विचारता नेली?"

मला वाईट वाटलं. पण थोडंच.

"काकू, मग गोल काय पायांनी चालत आला?"

प्रणालीने शांतपणे स्वतःचा मोबाइल माझ्यासमोर धरला. गोलावर बोट ठेवून ओढलं. गोल ढिम्म!

"काका, तुम्ही लिंक फक्त बघण्यापुरती दिलीय. बदल कोणालाच करता येत नाही."

"कोणालाच?"

"तुम्ही सोडून."

बायकोने अगदी गोड आवाजात विचारलं, "अहो, रिक्षात तुम्ही काय बघत होतात?"

पेणकरपाड्याचे खड्डे, माझं जाडं बोट आणि ती राहिलेली टिक. काकूंना तेवीसवरून उचलून एकवर मीच आणून बसवलं होतं! मी हात जोडले, अगदी मनापासून.

"जाऊ दे हो," काकू म्हणाल्या. "पण ग्रुपवर ते बाकाचं लिहिलंय ना तुम्ही?"

लिहिलं होतं. अख्ख्या बिल्डिंगने वाचलं होतं. काकूंना एक नंबरवरच राहू दिलं. त्यांच्या खालून माझा गोल बाहेर काढला आणि ओढत ओढत थेट शेवटच्या बाकावर नेला. टिक अजून तशीच होती ना, लोण्यासारखा सरकला!