बोट कुशीवर वळली तेव्हा

पाणी थेल्माला आधी पायाला कळलं. सकाळी मोजे घालून ती सिंकपाशी उभी राहिली आणि डावा मोजा गार पडला. तिने खाली पाहिलं नाही. किटली भरली, गॅस पेटवला, खिडकीबाहेर कालव्यावर धुकं उतरलं होतं ते पाहिलं, धुक्यात एक बदक मानेपासून वरचं तेवढं तरंगत होतं तेही पाहिलं. आपण बघत नाही तोवर ते खरं नाही, असं तिला तेवढ्यापुरतं वाटून गेलं. मग किटलीने शीळ घातली, आणि उजवा मोजाही गार झाला.

घाबरण्याचं कारण पाणी नव्हतं. कारण शब्द होता. तिचा नवरा डेनिस गेला त्या हिवाळ्यात हिलरीने, म्हणजे थेल्माच्या एकुलत्या एक मुलीने, आईला आपल्या गावातल्या बैठ्या घरी न्यायचा घाट घातला होता. थेल्मा ऐकेना. शेवटी हिलरी रडली, आणि रडणाऱ्या माणसासमोर थेल्माचं कधीच काही चाललेलं नाही. तिने सांगून टाकलं, बोटीत ज्या दिवशी पाणी दिसेल त्या दिवशी मी बोट विकीन आणि तुझ्याकडे येईन. हिलरी दर शनिवारी यायची. आज शुक्रवार होता.

थेल्मा हॅडन इंग्लंडातल्या रग्बी गावी एका शाळेत स्वयंपाकीण होती. मुलांच्या दोन पिढ्या तिने पुडिंगावर वाढवल्या, आणि मोठे झालेले ते पोरगे अजून बाजारात तिला बघून पोट आत घ्यायचे. डेनिस गोठ्यांतली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करत हिंडायचा. निवृत्त झाल्यावर दोघांनी घर विकून ही अरुंद लोखंडी बोट घेतली आणि नॅप्टनच्या टेकडीखाली कालव्याच्या काठाला बांधली. आतलं सगळं लाकूडकाम डेनिसने हाताने केलं. थेल्मा ठेंगणी, चारचौघींत उभी राहिली तर हरवणारी. म्हणून सिंक त्याने तिच्या कमरेच्या मापाने बसवलं, जगातल्या कुठल्याही सिंकपेक्षा खाली. सिंक खाली म्हणून त्याची नळीही खाली, आणि नळी खाली म्हणून पाणी बाहेर पडायचं बोटीच्या पत्र्यातलं भोक कालव्याच्या पाण्याला जेमतेम चुकवून. प्रेमात माणूस काय काय करतो. डेनिसने एवढंच केलं होतं.

तिने गालिचा उचलला, बोटं बुडवून पाणी हुंगलं. साबणाचा वास नाही, शेवाळ्याचा आहे. म्हणजे पाणी बाहेरून आत येत होतं. पत्रा कुजला असेल तर संपलंच. तिने सिंकखालच्या कपाटातल्या बरण्या काढल्या, बॅटरी घेतली आणि उताणी होऊन खांद्यापर्यंत आत शिरली.

आत शिरल्यावर मात्र घाई कुठेतरी निघून गेली. कपाटात अंधार होता, लाकडाला दालचिनीचा जुना वास होता. कान पत्र्याला लागला तसा कालवा ऐकू आला. वरून ऐकतो तसा नव्हे. आतून, झोपलेल्या माणसाच्या पोटावर कान ठेवल्यासारखा. कुठेतरी लांबून एक बोट येत असावी, तिच्या यंत्राचा ठोका पाण्यातून आधी आला, हवेतून मागाहून. थेल्माने हात वर नेला. डोळ्यांनी दिसत नव्हतं ते बोटांना दिसायला लागलं. हे सिंक तिच्याच शाळेचं, शाळेने टाकून दिलेलं. त्याच्या तोंडाचे आटे कुठल्याच दुकानातल्या नळीला बसायचे नाहीत. म्हणून डेनिसने तिथे दूध काढायच्या यंत्राचा काळा रबर चढवला होता, त्याला हवं तसं वळण असलेला. पुढे तांब्याचा एक तुकडा, पुढे बागेला पाणी घालायच्या नळीचा तुकडा, आणि शेवटी पत्र्यातून बाहेर जाणारी पितळी नळी. प्रत्येक सांध्याला ताग गुंडाळलेला, वर गळती अडवायला सफेद्याचा लेप. सफेद्यात त्याच्या अंगठ्याचा ठसा होता. तिने त्यात आपला अंगठा टेकवला. तो आत पोहून जाईल इतका लहान निघाला. ती तशीच पडून राहिली. डेनिस गोठ्यातून यायचा तेव्हाचा कोमट दुधाचा वास तिला आला, की आला असं वाटलं, यात तिने डोकं घातलं नाही.

मग एक थेंब कपाळावर पडला आणि ती भानावर आली. पत्रा धडधाकट होता. पितळी नळीला, नटाच्या अगदी कडेला, केसाएवढी चीर होती.

पण ती नळी इतकी वर्षं पाण्याच्या वर होती. आज पाण्याखाली कशी? उत्तर कपाटाच्या शेजारीच उभं होतं, पांढरंशुभ्र. उन्हाळ्यात हिलरीने आईसाठी कपडे धुवायचं यंत्र आणलं होतं, हातांना त्रास नको म्हणून. पाण्याची जोडणी फक्त सिंकपाशी, म्हणून यंत्रही तिथेच. तेव्हापासून बोट त्या अंगाला, काठाच्या उलट बाजूला, झुकली होती आणि टेबलावर ठेवलेलं अंडं आपण होऊन खिडकीकडे निघायचं. थेल्माने अंड्यांना वाटी दिली आणि विषय संपवला होता. चूक तिचीच. बोटीवर राहणाऱ्या माणसाने घरंगळणाऱ्या अंड्याकडे कानाडोळा करायचा नसतो.

दुपारी बोटींच्या सामानाच्या दुकानात जाऊन तिने नवी पितळी नळी, रबरी होज आणि ती आवळायच्या क्लिपा आणल्या. दुकानदार म्हणाला, जुनं काहीच नव्याला बसणार नाही, सगळंच काढावं लागेल. तिला ते ठाऊक होतं. तरी कोणीतरी मोठ्याने म्हणावं लागतंच.

खरी अडचण वेगळी होती. जुनी नळी काढली की त्या भोकातून अख्खा कालवा आत येणार. भोक आधी पाण्याच्या वर यायला हवं, म्हणजे बोट काठाकडे कलायला हवी. तिने दोर सैल सोडले. कोळशाची पोती एकेक करून काठाच्या बाजूला ओढली, पाण्याचे डबे नेले, डेनिसची हत्यारांची पेटी नेली, शिवणाची जुनी मशीनसुद्धा नेली. संध्याकाळपर्यंत कंबर मोडली. खिडकीतून वाकून पाहिलं तर भोक अजून पाण्याखालीच. बोटीला आणखी वजन हवं होतं, आणि ते तिच्याकडे नव्हतं.

काठावर एक रीत आहे. दुसऱ्याच्या बोटीवर न विचारता पाय ठेवायचा नाही. काठावर उभं राहून छप्पर वाजवायचं आणि वाट बघायची. डेनिस गेल्यावर शेजाऱ्यांनी थेल्माचं छप्पर पुष्कळ वाजवलं होतं. तिने दर वेळी खिडकीतूनच, ठीक आहे, आभारी आहे, असं सांगून त्यांना वाटेला लावलं. हळूहळू वाजवणं थांबलं. तेव्हापासून हिलरीखेरीज कोणाचंही पाऊल त्या बोटीवर पडलं नव्हतं. डेनिसने केलेल्या फळ्यांवर दुसऱ्यांचे बूट तिला सोसत नव्हते. याहून मोठं कारण नव्हतं, पण तिला तेवढं पुरलं.

शनिवारी सकाळी तिने शेजारच्या बोटीचं छप्पर वाजवलं. मॉरिस पेग, जन्मभर बस चालवलेला म्हातारा, दाढीला साबण लावलेल्या तोंडाने बाहेर आला.

"थेल्मा? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. वजन पाहिजे."

आतून ब्रेंडा, त्याची बायको, म्हणाली, "मग त्या काडीला काय विचारतेस? मी आहे ना."

ताकाला जाऊन भांडं लपवायची थेल्माला सवय नव्हती. एकदा मागायचं ठरल्यावर तिने भोक, चीर, शब्द सगळं सांगून टाकलं. मॉरिसने दाढी अर्धी ठेवली. तासाभरात काठाच्या बाजूला, बोटीच्या कडेवर, छपराचा दांडा धरून माणसांची रांग उभी राहिली: ब्रेंडा, पलीकडच्या बोटीतल्या दोघी बहिणी आणि त्यांचा कुत्रा, कोळसा विकणारा क्लिफ. मॉरिस पत्र्याची छोटी होडी घेऊन पलीकडच्या अंगाला गेला, बाहेरून नळी धरायला. थेल्माने प्रत्येकाच्या हातात चहा आणि ब्रेड पुडिंगचा तुकडा दिला. वर उभ्या असलेल्यांना खाऊ न घालता काम सांगणं तिला जमलं नसतं.

ब्रेंडा म्हणाली, "साऱ्या डॉक्टरांनी वजन कमी कर म्हणून सांगितलं. ऐकलं असतं तर आज ही बाई बुडाली असती."

थेल्मा कपाटात शिरली. बोट झोपेत कूस बदलावी तशी सावकाश वळली. फडताळात बशा एकमेकींना टेकल्या. पाण्यावरचं ऊन खिडकीतून छतावर पडलं होतं, तेही सरकलं, भिंतीवरून खाली उतरलं आणि कपाटाच्या दारात येऊन हलत राहिलं. पत्र्यापलीकडे मॉरिसचा आवाज आला, घागरीत बोलल्यासारखा.

"अजून बोटभर पाण्यात आहे!"

"पुडिंग आणखी खा सगळे," थेल्मा आतून म्हणाली.

तेवढ्यात पायवाटेवर टाचांचा आवाज आला. थेल्माने तो ओळखला आणि डोळे मिटले. हिलरी एरवी दुपारी यायची ती आजच लवकर आली होती.

वर काय झालं ते थेल्माला नुसतं ऐकू आलं. हिलरीने आधी विचारलं, हे काय चाललंय. मग विचारलं, आई कुठे आहे.

"पोरी, प्रश्न नंतर," ब्रेंडा म्हणाली. "आधी चढ. दांडा घट्ट धर."

हिलरी चढली. बोट आणखी थोडी वळली.

"आलं वर!" मॉरिस ओरडला.

थेल्माने पाना लावला. डेनिसने आवळलेला नट मुळीच सुटेना, मग एकदम सुटला, जणू त्यानेच पलीकडून सोडला. जुनी नळी बाहेर ढकलली आणि अंधारात उजेडाचं एक गोल उघडलं. त्यातून कालवा दिसत होता. पाण्याच्या इतक्या जवळून तिने तो कधी पाहिला नव्हता. काठावरच्या विलोच्या झाडाचं एक पिवळं पान जहाजाएवढं होऊन समोरून गेलं, त्याच्यामागे आभाळ उलटं वाहत होतं. आपण पाण्याखाली आहोत की वर, हे तिला क्षणभर सांगता आलं नसतं, आणि सांगावंसंही वाटलं नाही.

गोलात मॉरिसची अर्धी दाढी आली.

"झोपलीस काय? क्लिफला शिंक येतेय."

नवी नळी बाहेरून आत आली. चकती, सफेदा, नट. बोटांना वाट पाठ झाली होती. काळा रबर तिने कापून काढला आणि बाजूला ठेवला. होज चढवली, क्लिपा आवळल्या. मग सगळ्यांना एकेक करून उतरायला सांगितलं. बोट उलट्या अंगाने परत आली, आणि थेल्मा नळीच्या मुळाशी तळहात धरून पडून राहिली. तळहात कोरडा राहिला.

ती बाहेर आली तेव्हा बाकीचे काठावर होते. हिलरी मात्र कडेवरच उभी, खिडकीतून आत बघत.

"आत पाणी आलं होतं ना, आई?"

"आलं होतं. काल."

"मला सांगणार होतीस?"

"सांगितलं ना आत्ता. शब्द दिलाय, तो मोडणार नाही. सामान बांधायला कधी येतेस?"

हिलरीची नजर सिंककडे गेली, तिथून यंत्राकडे, तिथून कललेल्या फळीवर ओढून नेलेल्या कोळशाच्या पोत्यांकडे. ती बँकेत काम करते, मूर्ख नाही.

"हे मशीन आणल्यापासून झालं?"

"कपडे छान निघतात त्यात."

"आई."

"हो. तेव्हापासून. पण लक्ष मी ठेवायला हवं होतं."

काठावर कोणी तरी खाकरलं. हिलरीने मॉरिसला विचारलं, हे यंत्र काठाच्या बाजूला हलवता येईल का. येईल, तो म्हणाला, नळ लांबवावे लागतील, एक दिवसाचं काम. मग ती आईकडे वळली.

"शब्द मी मागितला होता, मीच परत देते. उन्हाळ्यापर्यंत. मग पुन्हा बोलू."

"बरं," थेल्मा म्हणाली. वसंतापर्यंत म्हणाली असती तरी ती बरंच म्हणाली असती.

"आणि पुढच्या वेळी छप्पर वाजवायचं झालं, तर आधी माझं."

"तुझं छप्पर फार उंच आहे गं. माझा हात पोचत नाही."

"मग फोन कर."

ब्रेंडाने विचारलं, पुडिंग उरलंय का. थेल्माने तिला आत ये म्हटलं. बूट काढू का, असं ब्रेंडाने विचारलं. नको, ये तशीच, असं थेल्मा म्हणाली. मग नळ सोडला. सिंकातलं पाणी भोवरा करून उतरलं, आणि खिडकीखाली कालव्यावर एक वर्तुळ उमटून काल सकाळी धुकं होतं त्या दिशेने पसरत गेलं.

हिलरी अजून कडेवरच होती, दांडा धरून. आता तिथे कोणी उभं राहायची गरज नव्हती, हे तिला कोणी सांगितलं नाही. ती पुडिंग खात, पाण्याकडे बघत राहिली, आणि ती उतरेपर्यंत बोट जराशी तिच्या अंगाला कललेली होती.