ओली गाठ

दादाची गाठ कधी सुटली नाही. तंगूस तुटायचा, गळ सरळ व्हायचा, एकदा तर बांबूच मोडला, पण गाठ जागची हलली नाही. माझा हा मोठा भाऊ अकोल्यात पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा आणि रविवारी आम्ही दोघं बार्शीटाकळीच्या पुढे धरणावर मासे धरायला जायचो. काठावरची मंडळी आपापले गळ त्याच्याकडून बांधून घ्यायची. आठवडाभर गिऱ्हाइकांच्या शिव्या खाणारा दादा तिथं जहागीरदारासारखा मांडी घालून बसायचा.

बांधायची रीत तशी सोपी. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गळाच्या नेढ्यातून ओवायचा, मागे वळवून त्याच्याभोवतीच पाच-सहा वेढे द्यायचे आणि टोक नेढ्याजवळच्या फटीतून काढायचं. मरळ माशाचे दात बारीक तंगूस कापतात, म्हणून गळाला आधी जाड तंगुसाचा हातभर तुकडा बांधायचा. तो तुकडा मग बारीक तंगुसाला जोडायचा. दोन्ही टोकं समोरासमोर ठेवून एकाची गाठ दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर मारायची, की ओढल्यावर त्या सरकत येऊन एकमेकींना भिडतात. इथवर कोणालाही जमतं. खरी गोम आवळण्यात आहे. कोरडीच आवळली तर घासून तंगूस तापतो, कमजोर पडतो आणि मासा लागला की नेमका तिथंच तुटतो. म्हणून गाठ तोंडात धरून ओली करायची आणि मग हळूहळू आवळायची.

दादाच्या तोंडात खर्रा असायचा. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेलं. काठावरच्या सगळ्यांच्याच तोंडात असायचा. कोणी ठरवलं देव जाणे, पण त्या काठावर हे पक्कं झालं होतं की साध्या थुंकीची गाठ सरकते आणि खर्ऱ्याची धरते. चुना पकडतो म्हणे. दादाच्या गाठी तपकिरी दिसायच्या आणि लोक त्या रंगावर भरवसा ठेवायचे. मीही ठेवायचो. हे ज्यानं पहिल्यांदा काढलं त्याचा मला आजही संताप येतो.

वहिनीनं एकदा दादाला खर्रा सोडायची शपथ घ्यायला लावली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून. त्यानं ती घेतली, पण पळवाट ठेवूनच.

"रोज नाई खात. पन रविवारचं सोड. गाठी बांधाले लागते."

"पान्यातले मासे काय तुमचं तोंड पायतात?" वहिनी म्हणाली.

"तुले काय समजते त्यातलं?"

रविवारची पन्नी सोमवारी खिशात उरायची, मग मंगळवारी. शपथ तशी कधी मोडली नाही आणि खर्राही कधी सुटला नाही.

आधी त्याचं तोंड उघडेनासं झालं. गाठ आवळल्यावर उरलेलं टोक तो दाढेनं तोडायचा. आता तंगूस दाढेपर्यंत जाईना, म्हणून नेलकटर आणायला लागला. "दादा, नव्या नवरीवानी काहून तोंड मिटून बसला?" मी चिडवलं. तो हसला, तेही अर्धंच. मग ठेचा झोंबायला लागला, मग साधं वरणही. गालाच्या आतली जखम त्यानं आम्हाला दाखवली तोवर फार उशीर झाला होता.

अमरावतीला ऑपरेशन झालं. गाल आणि जबड्याचा एक तुकडा गेला. नंतरच्या रेडिएशनच्या शेकांनी लाळ आटली. पाण्याची बाटली हाताशी ठेवून तो घोट घोट घ्यायचा, भाकर पाण्यात कुस्करून गिळायचा. त्याचं बोलणं फक्त वहिनीला आणि मला कळायचं. काही महिन्यांनी मानेत गाठ आली. डॉक्टरांनी वहिनीला बाहेर बोलावलं आणि दार लोटून घेतलं, तेव्हाच दादा काय ते समजला.

"धरनावर ने," तो म्हणाला.

काठावर लोकांनी त्याची जागा रिकामी करून दिली. एकानं सवयीनं आपला गळ पुढे केला. "भाऊ, तुमच्या हातची बांधून द्या."

दादाचे हात काही विसरले नव्हते. वेढे दिले, टोक ओवलं आणि गाठ ओठांत धरली. बराच वेळ धरून बसला. बाहेर काढली तर कोरडी. पुन्हा धरली, पुन्हा कोरडी.

"द्या इकडं, माह्या तोंडात हाये ना," तो माणूस गालातला खर्रा सरकवत म्हणाला.

दादानं गाठ दिली नाही. मग वाकला आणि त्यानं गाठ समोरच्या पाण्यात बुडवली. अख्खं धरण पुढ्यात पसरलं होतं. गाठ आवळून त्यानं गळ बाभळीच्या मुळात अडकवला आणि दोन्ही हातांनी तंगूस ओढला. मुळाची साल निघाली, गाठ जागेवरच होती.

त्यानं दुसरा गळ मागितला, मग तिसरा. दुपारभर तो पाण्यात बुडवून गाठी मारत होता आणि अंगातलं उरलंसुरलं बळ लावून ओढत होता. खर्ऱ्यावाचूनची एक तरी सुटावी, असं मला मनापासून वाटत होतं. त्यालाही तेच वाटत असावं. एकही सुटली नाही.

निघताना तो पाण्याकडे बघून काहीतरी बोलला.

"काय म्हनून राहिले भाऊ?" त्या माणसानं मला विचारलं.

"काई नाई, उन्ह झालं म्हनते," मी म्हणालो आणि दादाला धरून गाडीकडे नेलं.

"तुह्या वहिनीले सांगू नोको," असं दादा म्हणाला होता. आता तो नाही. वहिनी अजूनही त्याची गळांची डबी पुसून ठेवते, आणि मी तिला अजून सांगितलेलं नाही.