विहाराच्या भिंतीवरचे नियम

सुरुवात झाली रविवारी दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी. तेव्हापासून किस्से इतके साचलेत, की पोळ्या लाटता लाटता आठवतात अन् मी एकटीच हसत बसते!

दिग्रसला आमच्या विहारात दर रविवारी बाया जमतात आणि संविधानाचं एकेक कलम मोठ्यानं वाचतात. भिंतीवर मंडळाचे नियम चिकटवलेले. पहिलाच नियम : दोन वाजता दार लावावे. माझी दोन वर्षांची परी त्या दिवशी झोपेचना. पोचले तर दार बंद! आतून सुमनकाकू म्हणाल्या, "दोन वाजून गेले." काकू अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. कागदावर असेल तेवढंच खरं.

तेवढ्यात भाजीवाली कमलमाय ओरडली, "दार काहून लावतो आपण? कुत्रं येऊ नये म्हणून! हे काय कुत्रं हाय? ये वो पोरी!"

आत गेले खरी, पण मला नुसतं ऐकायचं नव्हतं. परीनं आपल्या आईला ते पुस्तक वाचताना बघावं, एवढंच मनात होतं. अन् भिंतीवर लिहिलेलं : वाचणारी दहावी पास असावी. मी सातवी!

*

एकदा जीविताचं कलम आलं. कमलमाय म्हणाली, "जगणं म्हणजे नुसता श्वास घेणं काय? इज्जत बी आली, पाणी बी आलं."

"पाणी कुठं लिहिलं? दाखव," काकू म्हणाल्या.

वाचायला शाळेतल्या मॅडम होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "काकू, कोर्टानंही असाच मोठा अर्थ घेतलाय."

काकू म्हणाल्या, "कोर्टाले कमलनंच शिकवलेलं दिसते!"

*

सभेत खाऊ नये, हाही एक नियम. परीच्या हातात बिस्कीट. माझा जीव वरखाली. काढून घ्यावं तर रडेल, राहू द्यावं तर काकू बघून राहिलेल्या!

काकू म्हणाल्या, "नियम सदस्यांचा हाय. अठरा वर्षांच्या आत सदस्य होता येत नाही. खाऊ दे तिले."

कमलमायनं लगेच हात पुढे केला. "परी, मले दे अर्धं."

"तू सदस्य हायस!"

*

मग काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बोलणाऱ्यानं उभं राहावं, असा नियम. काकूंना उभंच राहता येईना, म्हणून तोंड बंद!

"बसून बोल ना वो बाई, कोण मारते तुले?" कमलमाय म्हणाली.

काकूंनी पिशवीतून पाटी काढली आणि लिहिलं : लिहायले उभं राहा लागत नाही.

तीन रविवार पाटीवरच भांडण! कमलमाय म्हणे, "एवढी शांतता तं ध्यानाले बी नसते."

*

काकू पुन्हा उभ्या राहायला लागल्या, त्या रविवारी मी धीर केला. "मी वाचू का?"

"वाच!" कमलमाय म्हणाली. "वाचताना चुका होऊ नये म्हणून नियम केला. हे पोरगी चुकत नाही."

मॅडम भिंतीकडे बघायला लागल्या. काकू म्हणाल्या, "दहावी लिहिलं हाय." मग मॅडमकडून पुस्तक मागून घेतलं आणि घरी घेऊन गेल्या. मी रात्रभर जागी. उगाच विचारलं!

पुढच्या रविवारी काकू आल्या. पुस्तकात जागोजागी कागदाच्या चिठ्ठ्या.

"सगळं पाहिलं. राष्ट्रपती व्हायले पस्तीस वर्षं पूर्ण पाहिजे, असं लिहिलंय. किती शिकलेला पाहिजे, हे लिहिलंच नाही."

"मंग भिंतीवरचं?" कमलमायनं विचारलं.

"भिंत मोठी का पुस्तक मोठं?"

काकूंनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि परीला स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"वाच. अन् घरी गेल्यावर तुह्या जावेले बी सांग, पुढच्या रविवारी वाचायले ये म्हणून. थे बी सातवीच हाय ना?"