केळीचा टेकू

केळीच्या चिकाचा डाग धुतला तरी जात नाही. दाराआडच्या बांबूला गुंडाळलेल्या चिंधीवर तो दिसला, की मला पिंप्राळ्यातलं ते औषधाचं दुकान आठवतं. फॉल्स सीलिंगच्या टाइल्स छताखालच्या चौकटींत बसवायचं काम मी वडिलांकडूनच शिकलो, पण त्यांचे गुडघे गेल्यावर मीच म्हणालो होतो, "आबा, तुम्ही आता खालीच बसा." त्या दिवशी एकच रिकामी चौकट उरली होती, नेमकी काचेच्या काउंटरच्या वर. तिथे शिडी लागेना. बाजूने वाकून बसवताना माझ्या हातून दोन टाइल्स फुटल्या. एकच राहिली, आणि सकाळी दुकानाची पूजा होती. आबा उठले, रिक्षाने घरी गेले आणि केळीच्या घडाला टेकू देतात तो बेचक्याचा बांबू घेऊन आले. घड खरचटू नये म्हणून टोकाला चिंधी होतीच. जमिनीवर उभं राहूनच त्यांनी टाइल तिरपी वर सारली, मग हळूच आडवी केली. "धक्का नही, टेका दे," ते म्हणाले, "हाई बी घडच शे." टाइलही त्यांच्या लेखी केळीचा घडच होती. टाइल अलगद बसली. माझ्यावर मात्र ते एका शब्दानंही चिडले नाहीत. परवा कामावर मुलगा मला म्हणाला, "पप्पा, तुम्ही खालीच बसा." मी चांगलाच चिडलो.